मागची सीट आणि अण्णाकाकाचं ॲव्हरेज

महेशचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या आमच्या ऑफिसात, खिडकीशी उभी होते. "ताई, अण्णा गेले," तो म्हणाला. "जेवून खुर्चीत बसले होते. आई ताट ठेवून आली तोपर्यंत..." फोन हातात धरून मी नुसती खाली बघत राहिले. दुपारची वेळ, पुलावर गाड्यांची रांग, आणि त्या रांगेच्या शेपटाशी एक टॅक्सीवाला, समोर सगळं थांबलेलं दिसत असूनही, सुसाट आला आणि कचकन थांबला. माझ्या मनात आलं, अण्णाकाकानं हे बघितलं असतं तर चुकचुकून म्हणाला असता, फुकट घालवलंन. सख्खा काका गेल्याची बातमी ऐकताना माणसाला पेट्रोल कसं आठवतं, असं कुणी विचारेल. जो विचारेल तो आमच्या गाडीत कधी बसलेला नाही, एवढंच मी म्हणेन.

अण्णाकाका म्हणजे माझ्या बाबांचा पाठचा भाऊ. बाबांना घरात सगळे भाई म्हणतात. या दोघांच्या पाठची सुमनआत्या. तिघंही लालबागच्या चाळीत, एका खोलीत वाढली. बाबा पुढे सरकारी कचेरीत हिशेबाच्या कामाला लागले, अण्णाकाका एका छापखान्यात, आणि आत्याचं लग्न माझगावला, गोदीत नोकरी करणाऱ्या माणसाशी झालं. चाळ पाडायला निघाली तेव्हा आम्ही दादरला आलो. अण्णाकाकानं गल्ली बदलली पण लालबाग सोडलं नाही. आत्याचे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, ती माझगावात एकटीच राहिली. ज्यांची अंथरुणं एकमेकांना लागून पडायची, त्यांना आता एकमेकांकडे जायला आधी फोन करून विचारावं लागायला लागलं. तेव्हा दोघा भावांनी मिळून ती व्हॅन घेतली. सात सीटची, पांढरी, नाकानं चपटी, दिसायला यथातथाच. पुढे चालवायला अण्णाकाका आणि शेजारी बाबा. मध्ये आई, काकू आणि मी. सगळ्यात मागच्या दोन सीटांवर काकाचा मुलगा महेश आणि सुमनआत्या.

दर रविवारी सकाळी अण्णाकाका लालबागहून निघायचा, दादरला येऊन आम्हाला उचलायचा आणि मग उलट फिरून माझगावला आत्याला घ्यायला जायचा. पुढे कुठे, हे बहुतेक वेळा ठरलेलं नसे. कधी गिरगावात नाश्ता, कधी चौपाटीशी गाडी लावून नुसतं समुद्राकडे बघत बसणं. खरं तर गाडीत बसणं हेच आमचं जाणं होतं. खिडक्या उघड्या, गोदीच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं गाडी सावकाश चाललीय, आत्याच्या डब्यातल्या घावण्यांचा वास गाडीभर, कुणी काहीतरी चाळीतलं जुनं सांगतंय, कुणी ऐकतंय, कुणी डुलकी काढतंय... त्या सकाळी आठवायला बसले की कुठल्या वर्षी काय झालं ते एकमेकांत मिसळून जातं. मांडीवर सरकत सरकत आलेलं ऊन तेवढं आठवतं, आणि पुढे अण्णाकाकाची मान, किंचित डावीकडे कललेली, आम्हा सगळ्यांचं बोलणं ऐकत असलेली.

गाडी मात्र पेट्रोल प्यायची. एखाद्या तहानलेल्या पाहुण्यासारखी, आली की आधी पाणी. बाबांचा सगळा जन्म आकडे जुळवण्यात गेलेला, त्यांना ते खुपायचं. एका रविवारी आमच्या घरी त्यांनी विषय काढला, गाडीला सीएनजी बसवून घेऊ. अख्ख्या मुंबईनं बसवून घेतलाय, आपणच काय ते शहाणे. म्हणणं रास्त होतं. अडचण एकच होती. गॅसची टाकी मागे बसते, आणि आमच्या गाडीत मागे जागा म्हणजे ती शेवटची सीट. ती काढावी लागणार. आत्या तेव्हा स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली काहीतरी करत होती. अण्णाकाकानं आवाज खाली आणला.

"भाई, मग सुमन कुठे बसणार?"

"ती टॅक्सीनं येईल. महेश जाईल आणायला. टॅक्सीचं आपण बघू."

"एकदा येईल. दुसऱ्या वेळेला तिचा गुडघा दुखेल. तिसऱ्या वेळेला आपणच विचारणार नाही."

आत्याला बाबाही अण्णाकाकाइतकंच ओळखत होते. आमची ही आत्या लग्नाकार्यात मुद्दाम शेवटच्या रांगेत बसते आणि 'मला काय, मी कुठेही बसेन' असं कुणी न विचारताच सांगते. एकदा एका नातेवाइकाच्या घरून सगळे देवदर्शनाला निघाले होते आणि कुणीतरी सहज म्हणालं, अरे, गाडी भरली की. कुणाला उद्देशून नव्हे. आत्या दारातूनच, गॅस चालू राहिलासा वाटतो म्हणत माघारी फिरली. त्या घरी ती पुन्हा गेली नाही. राग नव्हता तो. आपण कुणाला जड होतोय अशी नुसती शंका आली तरी ती हळूच उठते, तिचा स्वभावच तसा. मी मध्ये पडून म्हटलं, मग मी येते टॅक्सीनं, तिला माझ्या जागी बसवा. अण्णाकाका माझ्याकडे वळला. "बाय, तू कुणासाठी उतरलीस ते तिला कळायचं नाही होय?"

शेवटी त्यानं मुदत मागितली. गणपतीपर्यंत. तोवर पेट्रोलवरच गाडीचं ॲव्हरेज वाढवून दाखवतो, नाहीच वाढलं तर सीट काढा, मी चकार शब्द बोलणार नाही. "ठीक आहे, घोडामैदान जवळच आहे," बाबा म्हणाले. आत्या घावण्यांचा डबा घेऊन बाहेर आली आणि दोघे भाऊ एकदम क्रिकेटवर बोलायला लागले. माझ्या काकाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उद्योग असा सुरू झाला. लोक त्याला चिक्कू म्हणायचे, आमच्या घरातसुद्धा. त्याला ते चालायचं.

त्याला गाडीतलं फार कळत होतं अशातला भाग नाही. उलट सुरुवातीला जी नासाडी उघडकीला आली ती त्याच्याच लाडाची. रोज सकाळी तो गाडी सुरू करून तशीच उभी ठेवायचा, 'जाग येऊ दे तिला' म्हणायचा आणि घरात जाऊन चहा प्यायचा. आणि ही जाग कुठे यायची, तर त्यांच्या गल्लीतल्या मसाल्याच्या डंकासमोर. उन्हाळ्यात निम्मी मुंबई लालबागला मिरच्या कुटून घ्यायला येते. सकाळपासून धाड धाड आवाज आणि हवेत तिखट. ॲव्हरेजच्या मागे लागल्यावर काकानं गाडी पहिल्यांदाच गॅरेजात नीट उघडून घेतली. तिथल्या माणसानं हवेचा फिल्टर काढून फरशीवर आपटला आणि दुसऱ्याच क्षणी तिथली सगळी मंडळी शिंकायला लागली. फिल्टर लालभडक. आमची गाडी वर्षानुवर्षं मालवणी मसाला नाकात ओढत होती. काकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, आता कोंबडीपण घाला आत, रस्साच होऊन जाऊ दे. मी हसून हसून खाली बसले. काका मात्र खरोखर ओशाळला होता, एखाद्या मुलाला नकळत उपाशी ठेवल्यासारखा. नवा फिल्टर बसला, गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लागायला लागली, आणि जाग आणायचा कार्यक्रम बंद झाला. किल्ली फिरवायची आणि हळूच निघायचं, चालता चालता जागी होते ती, असं तो आता आम्हालाच शिकवायला लागला.

मग त्याला वजनाचं सुचलं. मागच्या सीटखाली आणि टपावरच्या कॅरियरवर, चाळ सोडताना कुठे ठेवायचं म्हणून ठेवलेलं सामान तसंच फिरत होतं. पितळी हंडा, मखराचे पाइप, कुणाच्या तरी मुंजीतली सतरंजी. ते सगळं त्यानं उतरवून पलंगाखाली कोंबलं, कॅरियरही काढून टाकला. काकूनं त्यावरून चार दिवस तोंड फुगवलं. चाकांतली हवा तो सकाळी निघायच्या आधी तपासायचा, चाकं गार असताना, कारण गाडी फिरून आल्यावर आकडा खोटा येतो. एसी फक्त आईला घाम फुटला तर. लांबचा सिग्नल असला की इंजिन बंद. आणि ते बंद झालं की गाडीत अशी काही शांतता पसरायची की आम्हीसुद्धा आपोआप हळू बोलायला लागायचो. बाहेर हॉर्न, बाइक, फेरीवाले, आणि आत आम्ही सात माणसं, देवळात बसल्यासारखी. थेंबे थेंबे तळे साचे, असं तो अधूनमधून पुटपुटायचा.

मला गाडी त्यानंच शिकवली. माझा स्वभाव तापट, सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे. ऑफिसात त्याचं कौतुक होतं, रस्त्यावर नाही. रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना, तो परळच्या बंद गिरण्यांच्या मागच्या बाजूनं मला चालवायला लावायचा आणि स्वतः शेजारी हाताची घडी घालून बसायचा. मी जोरात घ्यायची आणि जोरात ब्रेक दाबायची. तो ओरडत नसे. "बाय, ब्रेक लागला म्हणजे मघाशी जाळलेलं फुकट गेलं," म्हणायचा. "समोरच्या गाडीच्या ढुंगणाकडे नको बघू. त्याच्यापुढे काय चाललंय ते बघ." हळूहळू मला दिसायला लागलं. पुढच्या नाक्यावरचा दिवा बदलायला आलाय, दूधवाला आता आडवा येणार, बस थांब्याला थांबणार. आधी पाय उचलला की ब्रेक लागतच नाही. गाडी आपली वाहत राहते. त्या पहाटे मी आयुष्यात पहिल्यांदा हळू चालले असेन, आणि मला ते इतकं आवडलं की त्याला कधी सांगायचं राहूनच गेलं.

सगळ्यात सुंदर होता तो लालबागच्या पुलाचा उतार. आधी काका तिथे गाडी न्यूट्रल करायचा. गॅरेजवाल्यानं त्याला सांगितलं की तसं करू नका, गिअरमध्येच राहू द्या. पाय काढलात की पेट्रोल आपोआप बंद होतं आणि गाडीही ताब्यात राहते. तेव्हापासून पुलाच्या माथ्यावर आलं की तो नुसता पाय उचलायचा. दोन्ही बाजूंना लोकांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडे, गॅलरीत दात घासणारी माणसं, जुन्या चाळींच्या शेजारी उभे राहिलेले काचेचे मनोरे, आणि या सगळ्यामधून आम्ही काहीही न जाळता खाली तरंगत चाललोय. मागून आत्याचा आवाज यायचा, किती छान वाटतं रे अण्णा. तो आरशातून तिच्याकडे बघायचा. मला अजून स्वप्नात तो उतार दिसतो. स्वप्नात तो संपत नाही, आणि सातही सीट भरलेल्या असतात...

गणपतीच्या आदल्या रविवारी परीक्षा झाली. पंपावर टाकी फुल्ल केली. मागच्या खेपेला फुल्ल केल्यापासून गाडी किती पळाली आणि आता किती पेट्रोल बसलं, यावरून बाबांनी तिथेच ओठ हलवत तोंडी भागाकार केला. मागे आत्या डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि पंपावरच्या मांजराला हाका मारत होती. ॲव्हरेज वाढलं होतं. पण बाबांनी डोक्यात धरलं होतं तेवढं नाही, त्याच्या बरंच अलीकडे. अण्णाकाकाला ते कळलं होतं, कारण भागाकार त्यालाही येत होता. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिला. त्या वेळी त्याचा चेहरा मला बघवला नाही. एवढा सगळा जीव टाकूनही माणसं तेवढीच होती आणि माणसांचं वजन तेवढंच होतं. ते काही पलंगाखाली कोंबता येत नाही. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाढतंय की," ते म्हणाले. "पुढच्या गणपतीपर्यंत बघू." आणि मग दर वर्षी तेच झालं. आकडा कधी पुरेसा झाला नाही आणि मुदत कधी संपली नाही. या सगळ्याचा आत्याला पत्ता होता की नव्हता, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारीही आम्ही गेलो होतो. काही विशेष घडलं नाही, हेच सांगण्यासारखं. गिरगावात गाडी लावून आम्ही गरम बटाटेवडे खाल्ले, आई आणि काकू कुणाच्या तरी लग्नावरून वाद घालत होत्या, येताना आत्याला माझगावला सोडलं. ती उतरताना काकानं नेहमीसारखं मागे वळून सांगितलं की आज मस्त पळाली गाडी, काहीच नाही प्यायली. दर रविवारी तो तिला हे सांगायचा. आम्हाला कुणाला नाही, फक्त तिला. मला वाटायचं, तिच्याइतकं कौतुकानं ऐकणारं दुसरं कुणी नाही म्हणून असेल.

महिना उलटल्यावर महेशनं विषय काढला. त्यात काही वाईट नव्हतं. महेश सरळ मुलगा आहे, नोकरी सांभाळून आता गाडीही त्यालाच बघायची होती. तो म्हणाला, भाईकाका, माझा पाय अण्णांसारखा हलका नाही, मला ते जमायचं नाही. सीएनजी बसवून टाकूया. आणि आता मी पुढे आल्यावर मागे तर एकटी आत्याच उरते. बाबा हो म्हणाले. त्यांचीच जुनी मागणी होती, नाही कशाला म्हणतील? मला आतून फार राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. ज्यानं अडवलं असतं तोच नव्हता.

शनिवारी आम्ही तिघं गाडी घेऊन गॅरेजात गेलो. तिथला माणूस कामाला चटपटीत. त्यानं मागचं दार वर उचललं, टेप लावून माप घेतलं, पाना हातात घेतला आणि बोल्टकडे वाकता वाकता सहज म्हणाला, "ही काढून टाकायची ना? तसंही मागे बसतं कोण?"

महेश काहीतरी बोलणार होता. त्याच्या आधी बाबा बोलले.

"माझी बहीण बसते."

तो माणूस थांबला. त्याला वाटलं असावं, म्हाताऱ्यानं नुसतं उत्तर दिलंय. तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. बाबा पुढे झाले, दाराला हात घातला आणि ते स्वतःच खाली ओढलं. पहिल्या झटक्यात ते नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं. मग तिथेच, गाडीला पाठ टेकून, त्यांनी खिशातून रुमाल काढला. अण्णाकाकाला नेलं तेव्हा बाबांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. दिवसकार्य झालं, माणसं येऊन गेली, सगळं त्यांनी कोरड्या डोळ्यांनी निभावलं होतं. आता गॅरेजात, तेलाच्या डब्यांमध्ये उभे राहून ते लहान मुलासारखे रडले. महेश त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचेही डोळे वाहत होते. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. गाडी आम्ही तशीच, सीटसकट घरी आणली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काकू नको म्हणत होती, आईनं तिला हाताला धरून गाडीत बसवलं. महेश चालवायला, शेजारी बाबा. माझगावला आत्या खाली येऊन उभीच होती, हातात डबा. ती नेहमीप्रमाणे वाकून मागे शिरली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तिनं डबा ठेवला. गाडी निघाली. महेश चांगला चालवतो, पण त्याच्या चालवण्यात घाई आहे. जोरात घेतो, जोरात थांबतो. प्रत्येक ब्रेकला आम्ही सगळे थोडे थोडे पुढे जात होतो आणि प्रत्येकाला एकच माणूस आठवत होता. गाडी गोदीच्या भिंतीशी आली. पेट्रोलचा काटा मला मधल्या सीटवरून स्पष्ट दिसत होता, चांगलाच खाली गेलेला.

मग मागून आत्यानं विचारलं. आजवर तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.

"भाई, गाडी आता फार पेट्रोल पीत नाय ना रे?"

महेशनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. काकूनं पदर तोंडाशी धरला. माझ्या वडिलांनी जन्मभर हिशेब लिहिले. एका आकड्याची चूक सापडावी म्हणून ते कचेरीत सगळे गेल्यावरही बसून राहायचे. त्यांनी समोरच्या काट्याकडे एकवार पाहिलं.

"नाय गो," ते म्हणाले. "अण्णा चालवायचा तेव्हापेक्षाही कमी पिते."

मागून डब्याचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं.

"बरं झालं," आत्या म्हणाली. "मग पुढच्या रविवारी पण येते मी."